कपात तासांत नको, लिटरांत हवी

मा. संपादक यांस,
स. न.

उन्हाळा चढला की आपल्या दैनिकात एक लहानशी चौकट येते : अमुक दिवशी रात्री बारापासून चोवीस तास पाणीपुरवठा बंद, त्यानंतर काही काळ कमी दाबाने. ठाणे असो की नवी मुंबई, ती चौकट वाचली की बहुतेक सोसायट्यांचा निर्णय ठरलेला असतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडायचा, बाकी वेळ बंद. हेतू चांगलाच आहे. पण या पद्धतीने वाटते तितके पाणी वाचत नाही, आणि जे उरते ते दूषित होण्याचा धोका मात्र वाढतो. म्हणून हे पत्र.

पाणी ठरावीक तासच येणार हे कळले की प्रत्येक घरात पिंप, बादल्या, पातेली, कळश्या भरून ठेवल्या जातात. चार माणसांच्या घराला दिवसभरात लागले नसते इतके पाणी त्या दोन तासांत टाकीतून उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे पाणी आले की कालचे 'शिळे' म्हणून मोरीत ओतले जाते. झाकून ठेवलेले नळाचे पाणी एका रात्रीत शिळे होत नाही, तरी ही सवय आपल्याकडे घट्ट आहे. शिवाय पाणी गेलेले असताना कोणी नळ उघडून पाहतो, कोरडा दिसला म्हणून तसाच सोडून कामावर जातो, आणि संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडला की बंद घरात तासभर धार वाहते. दोन तासांत सगळे नळ एकदम सुरू झाल्याने वरच्या मजल्यांना दाब मिळत नाही. मग तिथून तक्रार येते आणि वेळ अर्ध्या तासाने वाढवावी लागते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला तरी खाली उतरणाऱ्या पाइपात, म्हणजे प्लंबर ज्याला डाऊनटेक म्हणतात त्यात, पाणी असतेच. खालच्या मजल्यावर नळ उघडला की ते पाणी खाली उतरते आणि वरच्या भागात पोकळी तयार होते. त्या वेळी वरच्या मजल्यावर एखादा नळ किंवा जेट स्प्रे उघडा असेल आणि त्याचे तोंड बादलीत बुडालेले असेल, तर बादलीतले पाणी उलट पाइपात ओढले जाते. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर तेच कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उतरते. पाइप सतत भरलेला आणि दाबाखाली असेल तर असे घडत नाही. व्हॉल्व्ह तासांच्या हिशेबाने चालवायचाच असेल, तर निदान नळाला जोडलेली नळी किंवा जेट स्प्रे पाण्यात बुडवून न ठेवण्याची ताकीद प्रत्येक घराला द्यायला हवी.

खरी कपात मोजमापापासून सुरू होते. जमिनीखालच्या टाकीची लांबी-रुंदी टेपने मोजावी. समजा ती ६ मीटर बाय ४ मीटर आहे आणि पाण्याची खोली २ मीटर. मग टाकीत ४८,००० लिटर मावते आणि पातळीतला प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे २४० लिटर. सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक पट्टी किंवा पीव्हीसी पाइप टाकीच्या झाकणापाशी ठेवावा, आणि वॉचमनने सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असे तीन वेळा वहीत आकडे लिहावेत. पट्टी दुसऱ्या कशालाही वापरू नये आणि टाकीत घालण्यापूर्वी पुसावी. पंपाच्या ओढनळीच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो, त्याच्या खालचे पाणी पंपाला उचलता येत नाही, ते हिशेबातून वजा करावे. २० सेंटिमीटर धरले तर ४,८०० लिटर गेले, उरले ४३,२००.

आता माणसे मोजा. ८० घरे, प्रत्येकी चार माणसे, म्हणजे ३२० जण. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने रोजची गरज बरोबर ४३,२०० लिटर. खालची टाकी एक दिवस पुरते, गच्चीवर आणखी २०,००० लिटर असतील तर एकूण साठा जेमतेम दीड दिवसाचा. पण वापर माणशी १०० लिटरवर आणला तर रोज ३२,००० लिटरच लागतात आणि तोच साठा दोन दिवसांना पोचतो. चोवीस तासांच्या बंदनंतरचा कमी दाबाचा दिवस टँकर न मागवता निघू शकतो तो इथेच. अग्निशमनाची टाकी वेगळी असते, तिला या हिशेबात धरू नये आणि कितीही ओढ लागली तरी तिच्यातले पाणी उपसू नये.

माणशी ३५ लिटर कुठून काढायचे? पहिला शोध गळतीचा, कारण ती कोणाच्याही सोयीवर गदा न आणता थांबते. गच्चीवरची टाकी रात्री भरून घ्यावी, पंप बंद ठेवावा आणि दोन ते चार या वेळेत पातळी किती उतरते ते पाहावे. टाकीचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे १०० लिटर. दोन तासांत पाच सेंटिमीटर उतरली तर ५०० लिटर गेले. सगळी इमारत झोपलेली असताना ५०० लिटर कोणी वापरत नाही. हा वेग दिवसभर धरला तर ६,००० लिटर होतात, म्हणजे वर काढलेल्या रोजच्या गरजेचा सातवा हिस्सा. अशीच तपासणी खालच्या टाकीची करावी : महापालिकेची जोडणी आणि पंप दोन्ही पाच तास बंद ठेवले आणि पातळी एक सेंटिमीटर जरी उतरली, तरी दिवसाला हजारावर लिटर भिंतीतून किंवा तळातून जात आहेत. खाडीकाठच्या भरावावर वसलेल्या भागांत ही भेग दुहेरी त्रास देते. टाकी भरलेली असताना पाणी बाहेर जाते, आणि ती रिकामी होत आली की बाहेरचे मचूळ किंवा गटाराचे पाणी आत झिरपते. कपातीच्या दिवसांत टाकी रिकामी राहण्याची वेळ जास्त, त्यामुळे धोकाही तेव्हाच जास्त.

रात्रीच्या गळतीतला मोठा वाटा बहुतेक वेळा फ्लशच्या टाक्यांचा असतो. ही गळती आवाज करत नाही, भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखी उतरत राहते. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर तळाचे रबरी सील कडक झाले आहे किंवा त्याखाली कचरा अडकला आहे. आधी सील काढून बोटाने साफ करावे, फरक पडला नाही तर बदलावे. टाकीतले पाणी उभ्या नळीच्या तोंडावरून आत सांडत असेल तर दोष सीलचा नाही, वरच्या फ्लोटचा आहे. पाणी त्या तोंडाच्या साधारण इंचभर खाली थांबेल असा फ्लोट खाली करावा. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर सोडतात. त्यांत पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी ठेवली की प्रत्येक वेळी एक लिटर वाचतो. वीट ठेवू नका. ती झिजते, तिची माती सीलखाली बसते आणि वाचवलेल्याच्या कितीतरी पट पाणी गळते. ठिबकणारे नळही मोजून पाहावेत : सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे वीस लिटर, एका माणसाच्या आंघोळीचे पाणी.

ओव्हरफ्लो हा तर सोसायट्यांचा झाकलेला खर्च. रात्री नळाला दाब चांगला असतो. त्या वेळी बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने बंद होणाऱ्या नळाचा, वॉशर झिजलेला असेल तर टाकी भरूनही पाणी येतच राहते आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जाते. पाइपाचे तोंड जमिनीखाली असल्याने ते कोणालाही दिसत नाही. ते तोंड वळवून वॉचमनच्या केबिनसमोर, उघड्यावर आणावे आणि त्याला जाळी लावावी. हा एका दिवसाचा बदल आहे. टाकीतली पातळी ओळखून पंप चालू-बंद करणाऱ्या लेव्हल कंट्रोलरच्या सळ्यांवर क्षाराचा थर बसला की त्या पाणी ओळखत नाहीत. मग गच्चीवरची टाकी वाहते, किंवा खालची टाकी संपूनही पंप कोरडा फिरत राहतो आणि त्याचे सील जळते. ऐन टंचाईत पंप दुरुस्तीला गेला की टाकीतले पाणीही वर चढत नाही. सळ्या महिन्यातून एकदा घासून पुसाव्यात.

यानंतर दाब. याकडे फार कमी सोसायट्या लक्ष देतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब येतो, आणि दाब चौपट झाला की त्याच नळातून पाणी दुप्पट पडते. सात मजली इमारतीत सातव्या मजल्याच्या नळावर चारेक मीटर उंचीचे पाणी असते, पहिल्या मजल्याच्या नळावर बावीस. म्हणजे सारखाच नळ, सारखाच वेळ, पण पहिल्या मजल्यावर दुपटीहून जास्त पाणी पडते. यात तिथल्या कुटुंबाची चूक नाही. उपायही सोपा आहे. एक लिटरची बाटली नळाखाली धरून वेळ मोजा. पाच सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर, दहा सेकंदांत भरली तर ६. बेसिन आणि ओट्याखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या जोडणीवरचा छोटा कॉक, फिरवून बाटली दहा-बारा सेकंदांत भरेल इतकाच उघडा ठेवावा. हात धुताना, भांडी घासताना फरक जाणवतही नाही. वॉशिंग मशीन आणि इन्स्टंट गीझरच्या कॉकला मात्र हात लावू नये, त्यांना ठरावीक दाब लागतो. उंच टॉवरमध्ये ठरावीक मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. बंदनंतरच्या गाळाने त्यांची गाळणी तुंबते किंवा व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, ते उघडून साफ करून घ्यावेत. आणि एखाद्या घराने स्वतःच्या जोडणीवर पंप लावला असेल तर तो काढायला लावावा, कारण तो शेजाऱ्यांच्या वाट्याचे पाणी ओढतो. महापालिकेच्या वाहिनीला थेट पंप लावणे तर नियमबाह्य आहेच, शिवाय ती वाहिनी कुठे फुटकी असेल तर आजूबाजूची घाणही त्यातून आत येते.

भांडी घासायला घरोघरी जाणाऱ्या ताईंचा विचार तासांच्या कपातीत कोणीच करत नाही. त्यांच्या पाच-सहा घरांच्या वेळा बांधलेल्या असतात. अकराला पाणी बंद झाले की उरलेल्या घरांतली कामे अर्धी राहतात आणि बोलणी त्यांनाच बसतात. दिवसभर पाणी, पण बारीक धारेने, ही पद्धत त्यांच्याही सोयीची आहे. ओट्यावर दोन टब ठेवावेत, एकात साबणाची भांडी बुडवायची आणि दुसऱ्यात विसळायची. दुसऱ्या टबातले पाणी पुढच्या फेरीला पहिल्यात.

आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडते. आपल्या शहरांना मिळणारे पाणी मोरबे, भातसा, बारवी, उल्हास या धरण-नद्यांचे, म्हणजे मुळात कमी क्षारांचे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. घरच्या नळाचे पाणी टीडीएस मीटरने मोजून त्याच्या बरेच खाली आले, तर आरओची गरजच नाही. साधा फिल्टर आणि अतिनील दिवा किंवा उकळणे पुरेसे. टँकर किंवा बोअरचे पाणी वापरावे लागत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आरओतून बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरावे, कुंड्यांना रोज घालू नये, क्षार साठून झाडे करपतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही दमट हवेत चांगले जमते, तेही फरशीसाठी उपयोगी.

आता टँकर. १०,००० लिटरचे पैसे दिले की पाणी मोजून घ्यावे. टँकर येण्याआधी पंप आणि महापालिकेची जोडणी बंद करून पातळी लिहावी, ओतून झाल्यावर पुन्हा लिहावी. आधी उदाहरणाला घेतलेल्या जमिनीखालच्या टाकीत ती जवळपास ४२ सेंटिमीटर चढली पाहिजे. छत्तीसच चढली तर सुमारे १,३६० लिटर कमी आले. टँकरची नळी जमिनीवर लोळलेली असते, तिचे तोंड धुतल्याशिवाय टाकीत सोडू देऊ नये. टीडीएस मीटरवर आकडा चांगला दिसला म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही, कारण तो मीटर जंतू मोजत नाही. टँकरच्या पाण्याला क्लोरीन द्यायलाच हवे. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे टँकरला २५ ग्रॅम. ती थेट टाकीत भुरभुरवू नये. आधी थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करावा, मग बादलीभर पाण्यात ढवळावे, पाच-दहा मिनिटांत चुना तळाशी बसला की वरची निवळीच टाकीत ओतावी. तासभर पंप सुरू करू नये. नंतर क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकून नमुना पिवळा होतो का ते पाहावे. नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. उघड्या पिशवीत पडलेल्या पावडरीचा जोर निघून जातो, ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवावी. संडास साफ करण्याच्या ॲसिडजवळ ती कधीच ठेवू नये, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू तयार होतो.

बंदनंतर पाणी येते तेव्हा घाई करू नये. रिकाम्या वाहिन्यांतला गंज आणि गाळ पहिल्या पाण्याबरोबर येतो. टाकीच्या तोंडाशी असलेल्या जोडणीतून पहिली काही मिनिटे बादल्यांत पाणी घेऊन ते अंगण धुवायला किंवा संडासाला वापरावे, स्वच्छ दिसू लागले की टाकीत सोडावे. घरात नळाच्या तोंडाची जाळी काढून मगच नळ हळू उघडावा. दोन दिवस पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पाण्याला गटाराचा वास आला तर टाकीत घेणे थांबवून लगेच महापालिकेला कळवावे, कारण त्याच वाहिनीवरच्या पुढच्या इमारतींनाही ते जाणार असते.

साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. म्हणून आठवड्याला एक दिवस पिंपे कोरडी करायला सांगतात. टंचाईत ते पाणी ओतून देण्याऐवजी त्याच दिवशी कपडे-फरशीला वापरून संपवावे आणि पिंपाच्या आतल्या कडा काथ्याने घासाव्यात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, नुसते विसळून ती जात नाहीत.

बोअरवेल हा पर्याय सरसकट सांगितला जातो, पण जपून. ठाण्याच्या डोंगराकडच्या भागात काळ्या कातळातल्या भेगांत असेल तितकेच पाणी मिळते, ते मे महिन्यात आटते. खाडीजवळ बेसुमार उपसा केला की खारे पाणी आत सरकते आणि ते परत मागे लोटणे सोपे नसते. बोअरचे पाणी फक्त फ्लशला, स्वतंत्र पाइपाने, आणि दिवसाला ठरावीक वेळच. पावसाचे पाणी धरायची ज्यांची व्यवस्था आहे त्यांनी मृगाआधी गच्ची झाडून, पाइप आणि गाळण्याची वाळू साफ करून घ्यावी. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर. पहिल्या दोन सरी मात्र वाहून जाऊ द्याव्यात.

हा सारा हिशेब आपल्या गच्चीपुरता नाही. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा धरणे आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहरातल्या रात्रीच्या गळतीत जाणारे सहा हजार लिटर तिथल्या किती घरांचे असतील, हे प्रत्येक सोसायटीच्या सभेत एकदा तरी बोलले जावे.

महापालिकांना आणि आपल्या दैनिकालाही एक विनंती. बंदच्या चौकटीत 'कमी दाबाने' एवढेच छापले जाते. कमी दाब अंदाजे किती तास राहील, त्या काळात नेहमीच्या किती टक्के पाणी मिळेल आणि कोणत्या भागाला कोणत्या वेळेत, हे तीन आकडे त्यात असले तर सेक्रेटरीला पट्टी आणि वही घेऊन बसता येईल, आणि टँकर मागवायचा की नाही हे आदल्या दिवशीच ठरवता येईल.

आपला,
सोसायट्यांच्या पाण्याच्या देखभालीचे काम पाहणारा एक वाचक,
ठाणे (प.)